‘खंबीर नेत्या’ची मागणी कोणाची? : कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाची साक्ष

भांडवली जगातील राजकीय पंडितांनी गेली दहा-पंधरा वर्षे एका नव्या व्याधीचे निदान चालवले आहे. जगभरच्या लोकशाह्या म्हणे एकाधिकारशाहीकडे घसरत चालल्या आहेत! हंगेरीत ओर्बान, तुर्कस्तानात एर्दोगान, फिलिपाइन्समध्ये दुतेर्ते, ब्राझीलमध्ये बोल्सोनारो, एल साल्वादोरमध्ये बुकेले, खुद्द अमेरिकेत ट्रम्प आणि आपल्या देशात नरेंद्र मोदी, अशी यादी देऊन झाली की कारणमीमांसा सुरू होते. सामान्य माणसाला स्वातंत्र्याचा भार पेलत नाही. त्याला खंबीर नेता हवा असतो. समाजमाध्यमांनी त्याचे डोके फिरवले आहे. तो अर्धशिक्षित आहे, भावनाशील आहे. थोडक्यात, दोष मतदाराचा. हे लेख मराठीत आणण्याचे काम ज्यांच्याकडे असते त्यांच्या एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. त्यांतील क्रियापदे सारी अकर्मक असतात. लोकशाही घसरते, आक्रसते, ढासळते, कोमेजते. तिला ढकलणारा हात कोणाचा, हे सांगण्याची त्या वाक्यरचनेत सोयच ठेवलेली नसते.

आमचा आक्षेप या व्याकरणाला आहे. लोकशाही आपोआप घसरल्याचे उदाहरण इतिहासात सापडत नाही. जेव्हा जेव्हा श्रमजीवी जनतेने मतपेटी, संघटना आणि संप या साधनांचा खराखुरा उपयोग करायला सुरुवात केली, तेव्हा तेव्हा मालकवर्गाने ही साधने हिरावून घेणारा माणूस शोधला. तो माणूस कोठे सेनापती होता, कोठे पंतप्रधान, कोठे निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष. त्याच्या अंगी खंबीरपणा असतो की नसतो हा चरित्रकारांचा विषय आहे. राजकारणाचा प्रश्न एवढाच, की त्याने सत्तेवर येताच सर्वांत आधी कोणाचा गळा धरला?

जर्मनीत २० फेब्रुवारी १९३३ रोजी बड्या उद्योगपतींची हिटलर आणि गोअरिंगशी गुप्त बैठक झाली आणि निवडणुकीसाठी त्यांनी तीस लाख मार्कांचा निधी कबूल केला. त्याच वर्षी हिटलरने १ मे हा सरकारी इतमामाने कामगारदिन म्हणून साजरा केला आणि २ मे रोजी कामगार संघटनांच्या सर्व कचेऱ्या ताब्यात घेतल्या. फिलिपाइन्समध्ये १९७२ साली मार्कोसने लष्करी कायदा पुकारला आणि पाठोपाठ संपांवर बंदी घातली. हंगेरीत डिसेंबर २०१८ मध्ये जो कायदा झाला त्याने जादा कामाची मर्यादा वर्षाला चारशे तासांवर नेली आणि त्याचा हिशेब चुकता करायला मालकाला तीन वर्षांची सवड दिली. हंगेरीच्या कामगारांनी त्याचे नाव ‘गुलामी कायदा’ असे ठेवले. एर्दोगान यांचा तर प्रांजळपणा वाखाणण्यासारखा आहे. तुर्कस्तानात २०१६ पासून आणीबाणी होती. जुलै २०१७ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांपुढे बोलताना त्यांनी स्वच्छ सांगितले, की जेथे संपाची भीती असते तेथे आम्ही या आणीबाणीचा उपयोग करून ताबडतोब हस्तक्षेप करतो. आणि आपल्याकडे? जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. सप्टेंबरमध्ये वटहुकूम काढून किमान बोनस सव्वाआठ टक्क्यांहून अधिक होता तो चार टक्क्यांवर आणला. ‘शिस्तपर्वा’ची ही पहिली कमाई कोणाच्या खिशात गेली हे गिरणगावातील कामगाराला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

परंतु राजधान्यांची ही उदाहरणे अपुरी आहेत. एकाधिकारशाही राजवाड्यात जन्मते असा समज त्यांतून दृढ होतो. तिची मुळे गावाच्या बांधावर असतात, हे पाहायचे तर तंजावरला जायला हवे.

तंजावर म्हटले की मराठी माणसाची छाती फुगते. शहाजीपुत्र व्यंकोजीने तेथे राज्य स्थापले, दुसऱ्या सरफोजीने सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले, बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. महाराष्ट्रातून जाणाऱ्या सहली हे सारे पाहतात, शिलालेखासमोर छायाचित्रे काढतात आणि कुंभकोणम करून परततात. पूर्वेकडे, कावेरीच्या फाट्याफाट्यांतून समुद्राकडे उतरत गेलेल्या भातशेतीकडे त्यांचे लक्ष जात नाही. तेथेही एक शब्द त्यांना ओळखीचा वाटला असता : मिरासदार. आपल्याकडे वतन-मिरास म्हणून जे होते त्याचे कावेरीकाठचे रूप अधिक क्रूर होते. पाणथळ, सुपीक जमिनीचे मोठे पट्टे मिरासदार, मठ आणि देवस्थाने यांच्या मालकीचे. आणि त्यांवर पिढ्यान् पिढ्या राबणारा पन्नैयाळ, म्हणजे घरगडी म्हणा, वेठबिगार म्हणा, बहुतांशी पळ्ळर आणि परैयर या अस्पृश्य मानलेल्या जातींचा. त्याच्या अपराधाला दोन शिक्षा ठरलेल्या होत्या. सवुक्कडी, म्हणजे चाबकाचे फटके. आणि साणिप्पाल, म्हणजे पाण्यात कालवलेले शेण बळजबरीने पाजणे. कामावर उशिरा येणे हा अपराध होता. मालकासमोर अंगावर धड कपडा असणे हाही होता.

येथे फिर्यादी, न्यायाधीश आणि शिक्षा अंमलात आणणारा एकच. सत्तेचे विभाजन नाही, दाद नाही, अपील नाही. ‘खंबीर नेतृत्व’ म्हणतात ते याहून निराळे काय असते?

१९४३ साली किसान सभेने कॉ. बी. श्रीनिवास राव यांना या भागात पाठवले. मातृभाषा कन्नड, जन्माने ब्राह्मण, तमिळ शिकून घेतलेली. पन्नैयाळांच्या वस्तीत राहून, त्यांच्या हातचे खाऊन त्यांनी जी संघटना उभी केली तिच्या बळावर १९४४ साली मन्नारगुडीला करार झाला आणि चाबूक व शेणपाणी या शिक्षा बंद झाल्या. पुढच्याच वर्षी ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव-डहाणू भागात वारल्यांनी गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली लग्नगडी आणि वेठ झुगारून दिली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. दोन्ही ठिकाणी घडले ते एकच. ज्याला कधी ‘नाही’ म्हणता येत नव्हते तो माणूस समूहाने ‘नाही’ म्हणू लागला. आम्ही लोकशाहीचा आरंभ येथे मानतो. राज्यघटना अजून लिहायची होती आणि सार्वत्रिक मतदान तर पुढेच होते.

आणीबाणीचे समर्थक आजही एक मुद्दा काढतात, की वेठबिगारी कायद्याने बंद झाली ती १९७६ साली, म्हणजे आणीबाणीत. लोकशाहीला जे तीस वर्षांत जमले नाही ते खंबीर नेतृत्वाने करून दाखवले. कायदा तेव्हा झाला हे खरे आहे. परंतु मन्नारगुडी आणि डहाणू येथे वेठ त्याआधी तीस वर्षे मोडली गेली होती, आणि ती मोडणारांना त्यासाठी कोणाचेही मूलभूत हक्क तहकूब करावे लागले नाहीत. उलट, जेथे संघटना पोचली नाही तेथे १९७६ नंतरही वीटभट्ट्यांवर आणि खाणींत वेठबिगार सापडतच राहिले. त्या वेळी कम्युनिस्ट चळवळीतीलही एका प्रवाहाची या वीसकलमी मायाजालाने फसगत झाली होती. तो धडा नव्या सभासदांनी विसरू नये.

कावेरीकाठच्या या जागृतीला उत्तर काय मिळाले? ते समजून घ्यायला समुद्र ओलांडावा लागतो, कारण या गावांचा इतिहास कधीच गावापुरता नव्हता. नागपट्टिणम बंदरातून तंजावरचे मजूर मलायाच्या रबराच्या मळ्यांवर जात होते आणि सामुद्रधुनीपलीकडे सिलोनच्या चहाच्या मळ्यांवरही याच पट्ट्यातील माणसे राबत होती. पट्टुकोट्टै भागातील तंबिकोट्टै गावात जन्मलेले एस. ए. गणपती असेच लहानपणी मलायात गेले आणि अखिल मलाया कामगार संघटना महासंघाचे अध्यक्ष झाले. जून १९४८ मध्ये ब्रिटिशांनी मलायात आणीबाणी पुकारली. महासंघ बेकायदा ठरला. आणीबाणीच्या नियमांनी शस्त्र जवळ बाळगणे हा देहान्ताचा गुन्हा केला होता. गणपतींजवळ पिस्तूल सापडल्याच्या आरोपावरून खटला चालला आणि ४ मे १९४९ रोजी क्वालालंपूरच्या पुडू तुरुंगात त्यांना फाशी दिले गेले. या वेळी लंडनमध्ये राज्य कोणाचे होते? चर्चिलचे नव्हे. निवडून आलेल्या मजूर पक्षाचे, अॅटलींचे. स्वतःच्या देशात आरोग्यसेवा मोफत करणारे हे सरकार मलायात सुमारे पाच लाख माणसे उचलून तारांच्या कुंपणाआड वसवत होते, कारण रबर आणि कथिल यांतून मिळणारे डॉलर त्याला हवे होते. आणीबाणी १९६० साली उठली. तिच्या जागी त्याच वर्षी अंतर्गत सुरक्षा कायदा आला आणि तो २०१२ पर्यंत टिकला. कम्युनिस्टांसाठी घडवलेला हा कायदा पुढे विरोधी पक्षांचे खासदार, प्राध्यापक, पत्रकार यांच्यावर वापरला गेला. तेव्हा मात्र मलेशियातील उदारमतवादी मंडळींना लोकशाहीची ‘घसरण’ दिसू लागली.

सिलोनची गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. १९३१ सालीच प्रौढ मतदानाचा हक्क मिळालेला हा देश आशियातील आदर्श लोकशाही म्हणून मिरवत असे. १९४७ च्या निवडणुकीत मळ्यांवरील तमिळ मजुरांनी आपले प्रतिनिधी निवडून पाठवले आणि इतर मतदारसंघांत त्यांची मते डाव्या उमेदवारांना गेली. मळेवाल्यांना आणि कोलंबोच्या सत्ताधाऱ्यांना एवढा इशारा पुरला. १९४८ चा नागरिकत्व कायदा आला. त्याने नागरिकत्वासाठी बाप सिलोनमध्येच जन्मला होता याचा पुरावा मागितला. आणि ज्यांचे बाप मळ्याच्या चाळीत, कोणत्याही नोंदीवाचून जन्मले त्यांच्यापाशी तो असणार कोठून? १९४९ च्या दुरुस्तीने त्यांचा मताधिकारही गेला. एका लेखणीने कित्येक लाख कष्टकरी मतदारयादीतून पुसले गेले. एन. एम. परेरा, कॉल्विन डिसिल्वा, पीटर क्यूनेमन हे डावे नेते संसदेत विरोधाला उभे राहिले. बाकी सभागृहाला तो ‘परक्यांचा’ प्रश्न वाटला. १९६४ च्या सिरिमा-शास्त्री कराराने सव्वापाच लाख माणसे भारताच्या वाट्याला टाकली, जणू दोन सरकारांमधला तो मालाचा हिशेब होता.

ज्या सिंहली मध्यमवर्गाने हे मुकाट्याने पाहिले त्याची पाळी पुढे आली. जे. आर. जयवर्धने यांनी १९७८ च्या राज्यघटनेने सर्वाधिकारी राष्ट्राध्यक्षपद निर्माण केले. जुलै १९८० च्या सार्वत्रिक संपात सुमारे चाळीस हजार कर्मचाऱ्यांना बडतर्फ केले. डिसेंबर १९८२ मध्ये निवडणूक न घेता, सार्वमताच्या युक्तीने संसदेची मुदत सहा वर्षांनी वाढवून घेतली, आणि स्वपक्षाच्या खासदारांकडून तारीख न घातलेली राजीनाम्याची पत्रे लिहवून आधीच खिशात ठेवली. पंडितांच्या भाषेत ‘खुल्या अर्थव्यवस्थे’चे हे आद्य प्रवर्तक! २०२२ साली त्याच खुर्चीवरील गोताबया राजपक्षे यांना संतप्त जनतेपुढून देश सोडून पळावे लागले, एवढे जाताजाता नमूद करतो.

आता पुन्हा अलीकडच्या तीरावर येऊ. १९५० च्या जानेवारीत भारताची राज्यघटना अंमलात आली आणि एका महिन्यात प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा संमत झाला. ११ फेब्रुवारीला सेलमच्या तुरुंगात २२ कम्युनिस्ट कैदी गोळीबारात मारले गेले. मलायातून परतून तंजावरच्या मजुरांत काम करणारा वाट्टाक्कुडी इरणियन मे महिन्यात पोलिसांच्या गोळीला बळी पडला. तरीही १९५२ च्या निवडणुकीत मद्रास विधानसभेत ३७५ पैकी काँग्रेसला १५२ जागा मिळाल्या आणि कम्युनिस्ट पक्षाचे ६२ आमदार निवडून आले. बहुमत नसलेल्या काँग्रेसने निवडणूकच न लढवलेल्या राजगोपालाचारींना राज्यपालांकरवी विधान परिषदेवर नेमून घेऊन मुख्यमंत्री केले. आणि कम्युनिस्ट आपले पहिल्या क्रमांकाचे शत्रू असल्याचे त्यांनी भर सभागृहात सांगितले. पण त्याच राजाजींना त्याच वर्षी तंजावरच्या कुळांच्या आणि पन्नैयाळांच्या संरक्षणाचा वटहुकूम काढावा लागला, पुढे त्याचा कायदा करावा लागला. कुळाला पिकाचा दोनपंचमांश हिस्सा मिळाला. मिरासदारांनी यावर तोड काढली ती अशी, की कायम गडी काढून टाकायचे आणि रोजंदार लावायचे. कायद्याने पन्नैयाळ सुरक्षित झाला, कारण पन्नैयाळ म्हणून कोणी उरलाच नाही!

उरला तो शेतमजूर आणि त्याचा लाल बावटा. १९६० नंतर नव्या बियाण्यांनी आणि खतांनी भाताचे उत्पन्न वाढले, तशी मजुरी वाढवून मागितली जाऊ लागली. मिरासदारांनी भातउत्पादकांची संघटना काढली, बाहेरून मजूर आणले आणि एक साधी अट घातली : बावटा उतरवा, आमच्या संघटनेत या. किळवेण्मणीच्या मजुरांनी ती नाकारली. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री ४४ दलित माणसे, बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी, ज्या झोपडीत आसऱ्याला शिरली होती त्या झोपडीसह जाळली गेली. महाराष्ट्रातील वाचकाला ही तारीख दुसऱ्या कारणाने माहीत आहे. १९२७ साली याच दिवशी महाडला डॉ. आंबेडकरांनी मनुस्मृती जाळली होती. त्या आगीला मनूच्या वारसांनी एकेचाळीस वर्षांनी दिलेले हे उत्तर होते असे म्हटले तर त्यात अलंकाराचा भाग थोडाच आहे.

या वेळी मद्रासेत राज्य होते अण्णादुराईंचे, नुकत्याच निवडून आलेल्या आणि गरिबांच्या नावाने मते मागितलेल्या द्रमुक पक्षाचे. आणीबाणी नव्हती. वृत्तपत्रे मोकळी होती, न्यायालये उघडी होती. नागपट्टिणमच्या सत्र न्यायालयाने १९७० साली गोपालकृष्ण नायडू आणि इतर काही जमीनदारांना दहा वर्षांची शिक्षा दिली. १९७३ साली मद्रास उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. त्यामागील एक तर्क असा होता, की हे बहुतेक श्रीमंत, मोठ्या जमिनींचे मालक. अशी माणसे स्वतः पायी चालत जाऊन झोपड्यांना आग लावतील हे पटण्यासारखे नाही. त्याच रात्री जमीनदारांचा एक माणूस मारला गेला होता. त्या खटल्यात मजुरांना मात्र शिक्षा झाल्या. मजूर चालत जातो, हे न्यायालयाला सहज पटले असावे.

लोकशाहीच्या ‘घसरणी’चे आलेख काढणाऱ्या परदेशी संस्थांच्या तक्त्यांत १९६८ चा भारत उत्तम गुण मिळवतो. आम्हाला ते गुण मान्य नाहीत. आणि तरीही, येथे आमचे काही अतिडाव्या मित्रांशी पटत नाही, संसदीय लोकशाही हे नुसते ढोंग आहे, असा निष्कर्ष आम्ही काढत नाही. किळवेण्मणीनंतर सरकारला गणपतिया पिल्लै आयोग नेमावा लागला आणि १९६९ साली पूर्व तंजावरसाठी शेतमजुरांच्या रास्त मजुरीचा कायदा करावा लागला. सभा घेण्याचा, बावटा लावण्याचा, निवडणूक लढवण्याचा हक्क होता म्हणूनच ते झाले. हे हक्क अपुरे आहेत, पण ते रक्ताने मिळवलेले आहेत. आणि जमीनदारालाच जे आधी काढून घ्यावेसे वाटतात त्यांची किंमत मजुराने कमी का लेखावी? आपल्या राजवटीला कोणते नाव द्यावे, फॅसिस्ट की नवफॅसिस्ट लक्षणांची, यावर एप्रिल २०२५ मधील मदुराईच्या महाधिवेशनाआधी डाव्या पक्षांत बराच खल झाला. चर्चा जरूर व्हावी. पण नावाची निश्चिती होईपर्यंत मजुराचा बावटा कोणी उतरवू मागत नाही असे नाही.

डॉ. आंबेडकरांनी घटनासमितीत दोन गोष्टी सांगितल्या होत्या. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांनी म्हटले, की मुळात अलोकशाहीवादी असलेल्या भारतीय भूमीवर लोकशाही हा केवळ वरचा थर आहे. एका वर्षाने त्यांनी इशारा दिला, की राजकारणातील भक्ती हा अधःपतनाचा आणि अखेर हुकूमशाहीचा हमखास मार्ग आहे. आजचे टीकाकार दुसरे वाक्य पुनःपुन्हा उद्धृत करतात आणि पहिले सोडून देतात. नेत्याची भक्ती करणाऱ्या माणसाला त्याच्या गावात, त्याच्या कामावर, रोजच्या रोज कोणाची भक्ती करावी लागते, हा प्रश्न मग विचारावाच लागत नाही.

गरीब माणूस खंबीर नेत्याला मत देतो, हे आम्ही नाकारत नाही. तमिळनाडूत तर रुपेरी पडद्यावरून उतरलेल्या नेत्यांची देवळे झाली. पण कोठे देतो आणि केव्हा देतो, ते पाहिले पाहिजे. जेथे मजुरीचा दर उघड्या बैठकीत, मालक आणि मजूर समोरासमोर बसून ठरत होता, तेथे माणसाला त्राता लागत नव्हता. कापणीची यंत्रे आली, रोजगाराचे दिवस घटले, तरुण मुले तिरुप्पूरच्या बनियन कारखान्यांकडे आणि आखाती देशांकडे गेली, मागे राहिलेल्या स्त्रियांभोवती सूक्ष्म कर्जाच्या कंपन्यांचे वसुलीदार फिरू लागले. संघटना विरळ झाली तेथेच वरून येणाऱ्या कृपेचे मोल वाढले. गावातील लहान मालकाविरुद्ध दाद मागायला बळ उरले नाही, की दिल्लीतील किंवा चेन्नईतील मोठा मालक आपला वाटू लागतो. ही आमच्या चळवळीच्या दुबळेपणाचीही गोष्ट आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. आणि त्या कृपेची किंमत काय असते? जुलै २००३ मध्ये संपावर गेलेल्या दीड लाखाहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांना आणि शिक्षकांना जयललिता सरकारने एका वटहुकुमाच्या आधारे एकदम बडतर्फ केले. कॉ. टी. के. रंगराजन यांनी दाखल केलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बहुतेकांना कामावर घ्यायला लावले खरे, पण त्याच निकालात संपाचा हक्कच नाही असेही सांगून टाकले. सामुद्रधुनीपलीकडे जयवर्धने यांनी केले तेच तेवीस वर्षांनी अलीकडे झाले.

आता ढकलण्याची रीत अधिक सुधारलेली आहे. त्रिभुज प्रदेशाखाली वायू आणि तेल आहे. २०१७ साली तंजावर जिल्ह्यातील कदिरामंगलमला तेल वाहून नेणारी नळी फुटली, गावकरी रस्त्यावर आले, त्यांच्यावर लाठ्या चालल्या, अटका झाल्या. या आंदोलनाची पत्रके वाटणाऱ्या एका विद्यार्थिनीला गुंडाविरोधी कायद्याखाली स्थानबद्ध केले गेले. तो आदेश उच्च न्यायालयात टिकला नाही. मग केंद्र सरकारने सोपा उपाय काढला. जानेवारी २०२० मध्ये पर्यावरणविषयक अधिसूचनेत एक दुरुस्ती केली आणि तेल-वायूच्या शोधविहिरींसाठी जनसुनावणीची अट काढून टाकली. ना गोळी, ना लाठी. गावकऱ्यांना प्रश्न विचारण्याची जागाच उरली नाही, म्हणून प्रश्नही उरला नाही. जनतेच्या रेट्यामुळे राज्य सरकारला पुढच्याच महिन्यात हा भाग संरक्षित कृषिक्षेत्र जाहीर करावा लागला. परंतु आधीपासून चालू असलेल्या प्रकल्पांना त्या कायद्याने हात लावला नाही. त्याच वर्षी २० सप्टेंबरला राज्यसभेत शेतीविषयक विधेयके मतविभागणी नाकारून आवाजी मतदानाने संमत झाली. ती मागे घ्यायला शेतकऱ्यांना दिल्लीच्या वेशीवर वर्षभर बसावे लागले.

आणि महाराष्ट्रात? जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. रोख ‘कडव्या डाव्या’ संघटनांवर; कडवे कोण हे ठरवणार सरकार. विधानसभेत त्याला विरोध करायला उभे राहिले ते डहाणूचे कॉ. विनोद निकोले, म्हणजे १९४५ च्या वारली लढ्याच्या भूमीचे प्रतिनिधी. मलायाच्या कायद्याचा बावन्न वर्षांचा प्रवास ज्यांनी वर वाचला आहे त्यांना याविषयी अधिक सांगावे लागू नये. त्याच वर्षी मतदारयाद्यांची ‘विशेष सखोल फेरतपासणी’ बिहारमध्ये सुरू होऊन तमिळनाडूपर्यंत आली. कागद दाखवण्याचा भार मतदारावर, आणि मतदार पोटासाठी गाव सोडून गेलेला. १९४८ च्या सिलोनमध्ये बापाच्या जन्माचा दाखला मागितला गेला होता, याची आठवण नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर तरी कोणी करून द्यायला नको.

या साऱ्याहून आम्हाला महत्त्वाचे वाटते ते डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने घाईने संमत केलेले ग्रामीण रोजगाराचे नवे विधेयक. महात्मा गांधींच्या नावाचा रोजगार हमी कायदा त्याने मोडीत काढला. दिवस शंभरांवरून सव्वाशेवर नेल्याचा डांगोरा पिटला गेला आणि खर्चाचा चाळीस टक्के भार बहुतेक राज्यांवर ढकलला गेला. पण त्यातील एक कलम सरळ मिरासदाराच्या ओसरीवरून आलेले आहे. पेरणी आणि कापणीच्या भर हंगामात, वर्षातून साठ दिवसांपर्यंत ही कामे बंद ठेवायची! म्हणजे ज्या दिवसांत मजुराच्या हातांना मागणी असते, ज्या दिवसांत तो चार पैसे अधिक मागू शकतो, नेमक्या त्याच दिवसांत त्याचा दुसरा आधार काढून घ्यायचा. १९६८ साली भातउत्पादकांच्या संघटनेला जे बाहेरचे मजूर आणून साधायचे होते ते आता कायद्याने साधणार आहे.

या साठ दिवसांच्या तारखा राज्य सरकारांनी आगाऊ अधिसूचना काढून ठरवायच्या आहेत. कावेरीकाठी कुरुवै आणि सांबा पिकांची लावणी मेट्टूर धरणाच्या पाण्यावर अवलंबून असते आणि ते पाणी १२ जूनला सुटेलच असा भरवसा नसतो. महाराष्ट्रात सोयाबीन, कापूस, ऊस यांचे हंगाम तालुक्यातालुक्याला निरनिराळे. तेव्हा तारखांसाठी सरकारदरबारी अर्ज-विनंत्या जाणार हे उघड आहे. ग्रामसभांनी या बंदीविरुद्ध ठराव करून ते तहसीलदारांकडे पोच घेऊन द्यावेत. आणि आपापल्या जिल्ह्यात हे साठ दिवस मागायला कोणत्या संघटनेचे, कोणत्या साखर कारखान्याचे, कोणत्या पक्षाचे गृहस्थ जिल्हाधिकाऱ्यांच्या दारी जातात, त्यांची नोंद शेतमजूर युनियनच्या तालुका शाखांनी तारखेनिशी ठेवावी.